सर्टिफिकेट मिळालं, आराखडा कुठंय?

दहावीचे फॉर्म भरायची वेळ जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: ‘अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट कुठे मिळतं? किती दिवस लागतात?’ मग उत्तरं सुरू होतात. कुणी सरकारी रुग्णालयाचं नाव सांगतं, कुणी सकाळी लवकर जाऊन नंबर लावायला सांगतं, कुणी ‘आधी शाळेचं पत्र घ्या’ म्हणतं. अध्ययन अक्षमता म्हणजे समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं. तिचं सर्टिफिकेट हाती आलं की परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, आणखीही काही सवलती मिळतात. पालकांचा जीव भांड्यात पडतो.

पण ते मूल पहिलीपासून रोज वर्गात बसत होतं. त्याला काय येतं, कुठे अडतं आणि तिथून पुढे त्याला कसं न्यायचं, हे या दहा वर्षांत कुणी लिहून काढलं होतं का? हा प्रश्न ग्रुपवर सहसा कुणी विचारत नाही, कारण असा काही कागद असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना विशेष शिक्षकांची, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांची, पदं ठरवून ती भरायला सांगितलं. बातमी आली आणि गेली. हे शिक्षक साध्या शाळेत येऊन नेमकं काय करणार, हे मात्र बातमीत कुठे नव्हतं. त्यांच्या कामाचा गाभा म्हणजेच हा कागद.

हा कागद म्हणजे काय?

त्याचं नाव ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’. शिक्षकांच्या बोलण्यात तो ‘आयईपी’ म्हणून येतो. एका दिव्यांग मुलासाठी, त्याच्यापुरता, साधारण एका वर्षासाठी केलेला लेखी बेत. मूल आज कुठे आहे, वर्षअखेरीस कुठे पोहोचावं, त्यासाठी कोण काय करणार आणि ते जमलं की नाही हे कसं कळणार, एवढं त्यात असतं.

ही पद्धत रुजली ती अमेरिकेत. तिथल्या 1975 च्या कायद्याने दिव्यांग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क दिला आणि प्रत्येकासाठी असा आराखडा करणं शाळांना बंधनकारक केलं. आराखड्याच्या बैठकीत पालकांना जागा असते, वर्षातून एकदा तरी तो पुन्हा तपासावा लागतो, आणि पटलं नाही तर पालक रीतसर सुनावणी मागू शकतात. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: नावापुरती प्रगती दाखवून भागणार नाही, मुलाच्या परिस्थितीचा विचार करून त्याला साजेशी प्रगती साधता येईल असा आराखडा हवा.

आपल्याकडे हा सक्तीचा आहे का?

इथे थोडं नीट बघावं लागतं. आपला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, या कायद्यात ते 21 झाले आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली. शाळांसाठी महत्त्वाचं आहे कलम 16. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारमान्य शाळांनी काय करायला हवं, त्याची यादीच त्यात आहे: भेदभाव न करता प्रवेश देणं, इमारत वापरता येईल अशी करणं, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणं, गरजेप्रमाणे वैयक्तिक मदत देणं, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं.

‘सरकारमान्य’ या शब्दात खासगी इंग्रजी माध्यमाची, अजिबात अनुदान न घेणारी शाळाही येते. ‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाहीत’ असं प्रवेशाच्या खिडकीवर सांगण्याची मुभा तिलाही नाही.

मात्र आयईपी हा शब्द या कायद्यात कुठेही नाही. वैयक्तिक मदत द्या आणि प्रगती तपासा, एवढंच तो म्हणतो. आता प्रत्येक मुलाची प्रगती तपासायची तर ती कशाच्या तुलनेत, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. म्हणजे आराखडा आलाच. तरीही ‘कायद्यात असा फॉर्म कुठे आहे?’ असं एखादे मुख्याध्यापक विचारतात तेव्हा शब्दशः ते खोटं बोलत नसतात. अमेरिकेतला पालक ज्या कागदाच्या जोरावर भांडतो, तो कागद आपल्याकडे शाळेच्या समजुतीवर सोडलेला आहे. माझ्या मते आपल्या कायद्यातली ही सगळ्यात लंगडी जागा.

वेगळं शिकवायचं म्हणजे काय वेगळं करायचं?

घरातल्या जेवणाचं बघा. पंगत एकच, चूल एकच. आजोबांना दात नाहीत म्हणून त्यांची भाकरी दुधात कुस्करून देतात. पदार्थ तोच, खायची रीत बदलली. पण तापातून उठलेल्या माणसाला भाकरीऐवजी पेज देतात, म्हणजे पदार्थच बदलला. दोघंही बसतात त्याच पंगतीला.

वर्गातही हे दोन प्रकार आहेत. कमी दिसणाऱ्या मुलाला तोच धडा मोठ्या अक्षरांत छापून दिला, हात थरथरणाऱ्या मुलीची परीक्षा तोंडी घेतली, तर ते झालं समायोजन. अभ्यास तोच, अपेक्षाही तीच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बाकीची मुलं अपूर्णांकांची बेरीज करत असताना पाच-दहाच्या नाण्यांनी सुट्टे मोजायला शिकवलं, तर तो झाला बदल, कारण इथे अपेक्षाच वेगळी आहे.

हा फरक आराखड्यात स्पष्ट लिहिलेला हवा. ज्या मुलाला समायोजनाने भागलं असतं त्याला अभ्यासच कमी करून दिला, तर त्याचं नुकसान होतं, आणि ते फार उशिरा लक्षात येतं. परीक्षेत गणिताऐवजी खालच्या इयत्तेच्या अंकगणिताचा पर्याय घेतला की त्या वर्षाची चिंता मिटते, पण पुढे गणित लागणाऱ्या शाखांची वाट अरुंद होते. काही मुलांसाठी हा पर्याय योग्यच असतो. फक्त तो घाईत, फॉर्म भरताना टेबलापाशी ठरू नये.

आराखड्यात नेमकं लिहितात काय?

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीतली एक मुलगी आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, बाजारातला हिशेब तोंडी करते. पुस्तक समोर आलं की मात्र अडते. ‘कमळ’, ‘बदक’ बिनचूक वाचते. ‘प्रार्थना’, ‘स्वच्छ’, ‘विद्यार्थी’ आलं की थबकते किंवा पहिलं अक्षर बघून अंदाजाने भलताच शब्द ठोकून देते. लिहिताना वेलांट्या-उकार गळतात. फळ्यावरचं उतरवून घेताना अर्ध्या ओळी सुटतात.

आराखड्यात पहिली नोंद सध्याच्या पातळीची. तिथे ‘वाचनात कच्ची, लक्ष देत नाही’ असं लिहिलं तर तो शेरा झाला. उपयोगाची नोंद अशी दिसते: ‘दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा मिनिटाला 25 शब्द या वेगाने वाचते, त्यात 8 चुका. बहुतेक चुका जोडाक्षरं आणि रफारात. तोच उतारा वाचून दाखवला तर पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर देते.’ यातलं शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. मुलीला समजतं सगळं, अडचण अक्षरं उलगडण्यात आहे, हे त्यातून कळतं. म्हणजे परिसर अभ्यासाचा धडा तिला वाचून दाखवला तर तिचं त्या विषयात काहीच अडणार नाही.

मग उद्दिष्ट. ‘वाचन कौशल्यात सुधारणा करणे’ हे वाक्य कुठल्याही मुलाच्या फाइलमध्ये खपतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरीच्या पातळीचा न वाचलेला उतारा मिनिटाला 40 शब्द या वेगाने, 3 पेक्षा जास्त चुका न करता, सलग तीन वेळा वाचेल.’ हे झालं की नाही, ते शाळेतला शिपाईसुद्धा घड्याळ लावून सांगू शकेल.

त्यानंतर कामाची वाटणी. परिपाठानंतर वर्गशिक्षिका 15 मिनिटं जोडाक्षरांच्या पट्ट्या घेतील. गटसाधन केंद्राकडून (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) येणारे विशेष शिक्षक त्यांच्या भेटीच्या दिवशी पुढच्या पट्ट्या ठरवून देतील. बाकीच्या विषयांत धडा कुणीतरी वाचून दाखवेल, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी झेरॉक्स मिळेल, चाचणीची उत्तरं तोंडी घेतली जातील. घरी आई रात्री दहा मिनिटं ओळीखाली बोट धरून सोबत वाचेल. आणि दर शुक्रवारी एक मिनिट घड्याळ लावून वाचन, आलेला आकडा वहीत. सहा आठवडे आकडा हललाच नाही तर पट्ट्यांची पद्धत बदलायची, मुलीला दोष द्यायचा नाही.

गरज बदलली की आराखडाही बदलतो. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलासाठी त्यात लिहिलेलं असतं की बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये (उजेड मागून आला की ओठ दिसत नाहीत) आणि यंत्राची बॅटरी चालू आहे का ते सकाळीच बघावं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलीसाठी पाय टेकायला पाट, पेन्सिलीला जाड पकड, आणि स्वच्छतागृहात तिच्यासोबत कोण जाणार त्याची नोंद. ही शेवटची ओळ लिहायची राहते आणि मग मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. स्वमग्न मुलासाठी दिवसाच्या तासिकांची चित्रं, तासिका बदलण्याआधी दोन मिनिटं सूचना, आणि गॅदरिंगच्या ढोल-ताशाच्या सरावाच्या वेळी त्याने कुठे बसायचं ते.

हे सगळं दोन-तीन पानांत मावतं. जाडजूड फाइल दिसली की मला उलट शंका येते. एकाच शाळेतल्या चार मुलांच्या फायली उघडल्या आणि चारही ठिकाणी तेच उद्दिष्ट, फक्त नाव वेगळं, तर ती तपासणीसाठी रंगवलेली फाइल समजावी.

सर्टिफिकेट नसेल तर थांबायचं का?

नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण लहान मुलाचं वाचन नुसतं उशिरा येतंय की खरोखर अडतंय, हे त्याआधी खात्रीने सांगता येत नाही. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरांच्या पट्ट्या द्यायला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. एनसीईआरटीने 2022 मध्ये ‘प्रशस्त’ नावाचं चाळणीचं साधन आणलं, अॅपवरही ते आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकच भरतात. त्यातून निदान होत नाही, कोणत्या मुलाकडे नीट बघायला हवं एवढं कळतं. सुरुवात करायला तेवढं पुरतं.

सर्टिफिकेट लागतं ते परीक्षेच्या सवलतींना, शिष्यवृत्तीला, कायद्यातल्या काही खास हक्कांना. ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आहे, त्यांना 6 ते 18 वर्षं वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तो त्यातलाच. दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ ही सवलत खरोखर मोलाची आहे. पण ज्या मुलाला वाचायला कुणी शिकवलंच नाही, त्याने त्या जादा वेळात करायचं काय?

‘वर्गात साठ पोरं आहेत, हे सगळं करायचं कधी?’

शिक्षकांचा हा प्रश्न टाळाटाळीचा नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, उच्च प्राथमिकला 35 मागे. माध्यमिकच्या एका तुकडीत किती मुलं कोंबलेली असतात, ते शिकवणाऱ्याला विचारा. त्यात निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं.

म्हणूनच आराखडा एकट्या वर्गशिक्षकाचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना 15 मागे एक. मार्च 2025 चा आदेश याच प्रकरणातला आहे, आणि मधली वर्षं बघितली तर तो पुन्हा का द्यावा लागला ते समजतं. विशेष शिक्षक म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले प्रशिक्षित शिक्षक. प्रत्यक्षात अशा एकाच व्यक्तीकडे अनेक शाळा असतात, आणि त्यांच्या भेटीचा दिवस फॉर्म भरण्यात जातो. पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपये धरलेत, म्हणजे महिन्याला तीनशेही पडत नाहीत. मुलींना महिना 200 रुपये, दहा महिने, हा भत्ता वेगळा.

तरीही एक गोष्ट शिक्षकांच्या हातात आहे. चार उद्दिष्टं लिहिण्याऐवजी एकच लिहायचं. वर्गात तीन मुलं असतील तर तीन उद्दिष्टं, आणि शुक्रवारची तीन मिनिटं. शिवाय फळ्याकडे पाठ करून बोलणं, सूचना एकेक करून देणं, मोठ्या अक्षरात लिहिणं, याचा फायदा मागच्या बाकावरच्या प्रत्येकाला होतो. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

‘मग बाकीच्यांवर अन्याय नाही का?’

हा प्रश्न निकालाच्या सुमारास निघतो. ‘याला जादा वेळ, आमच्या पोराला का नाही?’ उत्तर परीक्षा कशाची आहे यावर अवलंबून आहे. इतिहासाच्या पेपरात तपासायचा असतो इतिहास, हाताचा वेग नाही. ज्याचा हात चालत नाही त्याला लेखनिक दिला म्हणून त्याला सनावळ्या आपोआप आठवत नाहीत. पण वाचनाचीच परीक्षा असेल आणि उतारा कुणी वाचून दाखवला, तर मोजायची गोष्टच हरवली. तिथे ही सोय चालणार नाही. आराखडा नीट असेल तर कोणत्या विषयात कोणती सोय आणि का, हे कारणासकट लिहिलेलं असतं, आणि हा वाद बराचसा मिटतो. खोटी सर्टिफिकेटं काढणारे आहेतच. त्यांच्यामुळे खऱ्या मुलांकडे संशयाने बघितलं जातं, हा त्या लबाडीचा दुसरा तोटा.

‘मुलावर शिक्का बसेल, विशेष शाळाच बरी’

शिक्का आधीच बसलेला असतो. ‘ढ’, ‘आळशी’, ‘मठ्ठ’ हे शब्द मुलाने तिसरीपर्यंत भरपूर ऐकलेले असतात. निदान झालं की कित्येक मुलांना हायसंच वाटतं. फक्त आराखडा सगळ्या स्टाफरूमला वाचायला ठेवायचा कागद नाही. ज्या शिक्षकांचा त्या मुलाशी संबंध आहे त्यांच्यापुरता तो राहावा, आणि वर्गात मोठ्याने ‘तुझं ते वेगळं पेपरवालं’ असं कुणी म्हणू नये.

विशेष शाळेचा पर्याय कायद्यानेही खुला ठेवलाय. जवळची साधी शाळा की विशेष शाळा, ही निवड पालकांची. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीपासून घरी राहून शिकण्याचीही सोय आहे. काही कर्णबधिर मुलांना खाणाखुणांची भाषा बोलणारे सवंगडी विशेष शाळेतच भेटतात, हे खरंच मोठं सुख आहे. माझी हरकत आहे ती शाळेने पालकांच्या वतीने ही निवड करून टाकण्याला. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे वाक्य सल्ल्यासारखं ऐकू येतं, पण तो नकार असतो.

शाळा ऐकतच नसेल तर?

आधी बोला, आणि बोलताना वर्गशिक्षकांना सोबत घ्या, कारण रोजचं काम त्यांनाच करायचंय. जूनमध्ये शिक्षक बदलतात, तेव्हा जुना आराखडा नव्या वर्गशिक्षकांच्या हातात पडला की कपाटात, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. एक प्रत नेहमी घरी ठेवा. शाळा बदलली तर दाखल्याबरोबर ती द्या. मूल सहावी-सातवीत गेलं की त्यालाही बैठकीत बसवा. कोणती मदत नकोशी वाटते, हे तेच सांगू शकतं.

बोलून भागलं नाही तर लेखी अर्ज मुख्याध्यापकांना. त्यानंतर जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालय: दिव्यांग हक्क कायद्याखालच्या 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिव्यांग मुलांचे प्रवेश आणि शाळेतल्या सोयी यांसाठी तिथे एक नोडल अधिकारी असायलाच हवा. त्यांचं नाव विचारून घ्या. त्यावर राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत.

अर्जात ‘माझ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे ही नम्र विनंती’ एवढंच लिहू नका, त्यावर ‘लक्ष देत आहोत’ असं उत्तर येतं आणि फाइल बंद होते. कलम 16 चा उल्लेख करा, मूल कुठे अडतं ते दोन ओळींत लिहा आणि तीन गोष्टी मागा: सध्याच्या पातळीची लेखी नोंद, मोजता येईल असं एक उद्दिष्ट, आणि आढावा बैठकीची तारीख. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक शाळेला, दुसरीवर शाळेचा शिक्का, सही आणि आवक क्रमांक.